चार तालुक्यांचे बिऱ्हाड

कोल्हापूरच्या मनुष्यास वसतिगृहाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. १९०१ साली शाहू छत्रपतींच्या आश्रयाने येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढील दोन दशकांत जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, सारस्वत अशा एकेका समाजाच्या नावाने बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्यापूर्वी गरीब ब्राह्मणाचा मुलगा विद्येसाठी घराबाहेर पडे तो माधुकरी मागे, किंवा सात घरी सात वार लावून जेवे, आणि रात्री एखाद्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकी. आज सुस्थितीत असलेल्या कितीतरी घरांत पणजोबांची ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते. शाळेची फी ही पुढची गोष्ट. परगावी गेलेल्यास आधी छप्पर लागते, मग ओळखीची भाषा लागते आणि मग घरच्या चवीचे दोन घास लागतात.

ही गरज विद्यार्थ्याचीच असे नाही. घाट उतरून मुंबईच्या गिरणीत गेलेला कोल्हापूर-साताऱ्याकडील शेतकरी गावकीच्या खोलीत उतरे. एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारे वीसवीस गडी, भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावाची खुंटी, खाली ट्रंक, आणि जेवणास एखाद्या बाईची खानावळ. गोव्याचा ख्रिस्ती खलाशी धोबीतलावावर किंवा माझगावात आपल्या गावाच्या ‘कुडी’त उतरे, तेथे गावच्या संताची वेदी असे, संध्याकाळची प्रार्थना चुकवता येत नसे, आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत थोड्याशा वर्गणीवर त्यास राहता येई. आमच्या ओळखीच्या या वस्तूचा चिनी अवतारही त्याच मुंबईत, त्याच माझगावात उभा आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

माझगावच्या गोद्यांपासून जवळच नवाब टँक रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर, मुंबईच्या इतर जुन्या घरांत सहज हरवून जाईल असे एक लहानसे घर आहे. त्याचा लाल रंग आणि दारावरची चिनी अक्षरे पाहून वाटसरू क्षणभर थबकतो. ‘सी यिप कून’ हे त्याचे नाव, आणि १९१९ हे त्याच्या स्थापनेचे साल. माडीवर क्वान कुंग या देवाचे मंदिर आहे, खालच्या मजल्यावर क्वान यिन या देवीचे स्थान आहे. आज त्यास सर्वजण ‘चिनी देऊळ’ म्हणतात, आणि तसे म्हणण्यात चूक नाही. तथापि त्याच्या नावात देवळाचा शब्दच नाही. ‘सी’ म्हणजे चार, ‘यिप’ म्हणजे तालुका किंवा परगणा, आणि ‘कून’ म्हणजे परगावी गेलेल्या मंडळींचे उतरण्याचे, भेटण्याचे, सभा भरविण्याचे घर. गोदीत उतरलेल्या आणि पुढच्या सफरीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखाच्या खलाशांस आसरा देणे हे या घराचे काम होते. चार तालुक्यांचे बिऱ्हाड, असा त्या नावाचा मराठी अर्थ आम्ही करतो.

हे चार तालुके कोणते? दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेस, सिनहुई, ताईशान, काईपिंग व एनपिंग असे चार परगणे लागून आहेत. जमीन डोंगराळ, माणसे पुष्कळ, भात अपुरा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे वर्णन करावे तसेच हे झाले, आणि परिणामही तोच झाला: घरटी एक पुरुष बाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे दुहेरी आपत्ती कोसळली. १८५० पासून १८६४ पर्यंत ताइपिंगचे प्रचंड बंड चालले, आणि १८५५ पासून सुमारे बारा वर्षे याच भागात स्थानिक रहिवासी व हक्का लोक यांच्यात गावोगाव कत्तली झाल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात व ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याची वार्ता पसरली. हाँगकाँग बंदर जवळच होते. अमेरिकेतील पहिला आडवा लोहमार्ग ज्यांनी सिएरा पर्वत फोडून घातला, त्या चिनी मजुरांत बहुतेक भरणा याच चार तालुक्यांचा होता. काही थोडे लोक उलट दिशेस वळले, सिंगापूर व रंगूनवरून कलकत्त्यास आले, आणि त्यांतले काही जहाजांबरोबर मुंबईस पोहोचले.

जेथे जेथे हे लोक गेले तेथे तेथे त्यांनी हे घर बांधले. मेलबर्नमधील सी यिप मंदिराची इमारत १८६६ सालची आहे. कलकत्त्यास टिरेटा बाजारच्या चिनी वस्तीत याच नावाचे मंदिर १८८२ पासूनचे आहे. तेथील लोक चिनी मंदिरांस खुशाल ‘चर्च’ म्हणतात, कारण साहेबाने एकदा तसे म्हटले. सान फ्रान्सिस्कोत तर १८५० च्या दशकातच या तालुक्यांची संस्था उभी राहिली. नाव, उच्चार, इमारतीचा थाट स्थलपरत्वे निराळा असला तरी कामे ठरलेली. नव्याने उतरलेल्या माणसास बंदरावरून आणावयाचे, त्यास निजावयास जागा द्यावयाची, काम पाहून द्यावयाचे, निरक्षराचे पत्र लिहून पाठवावयाचे आणि त्याचा पगार त्याच्या गावी पोहोचवावयाचा. दोघांत तंटा झाला तर पंचांनी तो देवासमोर मिटवावयाचा. आणि कोणी परदेशात मेलाच, तर त्याचे दफन करून, शक्य झाल्यास काही वर्षांनी त्याच्या अस्थी त्याच्या गावच्या मातीस पाठवावयाच्या. या शेवटच्या कामाचे महत्त्व ज्यांच्या घरी काशीस अस्थी नेण्याची चाल आहे त्यांस सांगावयास नको.

या घरांत बायका नव्हत्या, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पुष्कळसे पुरुष लग्न करून, पत्नीस सासू-सासऱ्यांच्या सेवेस ठेवून निघत. दोन-चार वर्षांनी परत येऊ असे सांगून गेलेला मनुष्य वीस वर्षे येत नसे. अमेरिकेत तर कायद्यानेच ही ताटातूट पक्की केली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांस तेथे येण्याची बंदी झाली, मजुराच्या बायकोसही दार बंद झाले, आणि हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. मग त्या देशातील चिनी वस्त्यांत एकेका माणसाला पुरेल एवढ्या खोल्यांची उतारूघरे निघाली. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. स्वयंपाकघर व मोरी सर्वांस मिळून एक. तरुणपणी तेथे उतरलेला मनुष्य त्याच खाटेवर म्हातारा झाला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्यासारख्यांस खोलीत एकटे पडावे असे कधीकधी वाटते खरे. परंतु चाळीस वर्षे रोज संध्याकाळी ‘जेवलास का?’ असे विचारणारे कोणी नसावे, याची कल्पना आम्हांस करवत नाही. त्या माणसांस हा प्रश्न विचारी तो शेजारच्या खोलीतला गाववाला. नात्याने कोणी नसलेल्यांचे ते एकत्र कुटुंबच होते.

क्वान कुंग हा देव त्यांनी का निवडला, हे येथे उलगडते. हा मूळचा देव नव्हे, माणूस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये तीन राज्यांचा झगडा चालला असता क्वान यू नावाचा एक शूर सेनापती होऊन गेला. लाल चेहरा, छातीवर रुळणारी दाढी आणि हातात लांब दांड्याचा वक्र परशू, असे त्याचे रूप प्रसिद्ध आहे. पुढे कथाकारांनी त्याची गोष्ट फुलविली, तीत एक प्रसंग असा: फुललेल्या पीच वृक्षांच्या बागेत तीन पुरुष भेटतात. तिघे तीन ठिकाणचे, तीन निरनिराळ्या धंद्यांचे, रक्ताचा संबंध नाही. ते देवाची पूजा करून शपथ घेतात, की आपला जन्म एका दिवशी झाला नाही तरी मरण एका दिवशी यावे, आणि तेव्हापासून ते भाऊ होतात. त्यांतला मधला भाऊ क्वान यू. पुढे शत्रूने त्यास धन दिले, मान दिला, तरी तो थोरल्या भावाचा पत्ता लागताच ते टाकून निघाला. ज्यांची खरी भावंडे समुद्रापलीकडे राहिली होती, आणि ज्यांस अनोळखी माणसास भाऊ म्हणूनच जगावयाचे होते, त्यांच्या माडीवर दुसरा कोणता देव शोभला असता?

तळमजल्यावरच्या देवीची कथा तर आमच्याच मुलखातून निघते. क्वान यिन ही करुणेची देवता. चिनी घरांत ती शुभ्रवस्त्रा, हाती जलपात्र घेतलेली अशी दिसते. परंतु ती मूळची चिनीही नव्हे आणि स्त्रीही नव्हे. बौद्ध धर्माबरोबर हिंदुस्थानातून चीनमध्ये गेलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व तो हाच. दहाव्या ते बाराव्या शतकाच्या सुमारास तेथे त्याचे रूप पालटून तो माता झाला. या अवलोकितेश्वराची एक ख्याती अशी, की आठ महाभयांत सापडलेल्याने त्याचे नाव घेतले असता तो धावून येतो. अग्नी, खड्ग, बंधन, हत्ती, सिंह, सर्प अशी ती भये होत, आणि त्यांत एक भय बुडत्या जहाजाचे. औरंगाबादच्या लेण्यांत हा सर्व देखावा कोरलेला आहे. मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीच्या लेण्यांतही तो आहे. कल्याण व सोपारा या बंदरांच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीस दाने दिली, त्यांस समुद्राचे भय किती असेल हे काय सांगावे! पाचव्या शतकाच्या आरंभी फा-हिएन हा चिनी यात्रेकरू सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गाने स्वदेशी निघाला, तेव्हा वादळात जहाजास भोक पडले. लोक सामान पाण्यात फेकू लागले, आणि आपली पुस्तके व मूर्तीही फेकतील या धास्तीने त्याने ज्याचा धावा केला तो हाच देव, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे पाहा: पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरात खलाशांचा तारणहार म्हणून कोरलेला देव चीनमध्ये गेला, तेथे हजार-दीड हजार वर्षे राहिला, आणि १९१९ साली चिनी खलाशांबरोबर त्याच किनाऱ्यावर, कान्हेरीपासून थोड्याच कोसांवर, देवी होऊन परत आला. या योगायोगाबद्दल आम्हांस जितके नवल वाटते तितके तो वाचून सोडून देणाऱ्यांचेही वाटते.

माझगाव व त्याच्या भोवतालच्या वस्तीत चिनी कुटुंबे हळूहळू स्थिरावली. कोणी गोदीत सुतार व फिटर झाले, कोणी जोडे करू लागले, कोणी दातांचे वैद्य झाले, कोणी खांद्यावर रेशमाचे गाठोडे टाकून दारोदार फिरू लागले, तर कोणी खाणावळी काढल्या. खलाशी येत-जात, पण या मंडळींनी बायका आणल्या, मुले झाली, ती मुले शाळेत मुंबईची हिंदी बोलू लागली. अंटॉप हिलला त्यांची दफनभूमी आहे. आमच्या स्वयंपाकघरात चहा, चिनीमाती, चिनी गवत हे शब्द कधीचेच रुळले होते. ज्यांच्या देशाचे ते नाव, ती माणसे मात्र आमच्या परिचयाची झाली नाहीत. आज कोल्हापुरात संध्याकाळी हातगाड्यांवर ‘चायनीज’ म्हणून जो पदार्थ मिळतो, त्याच्याशी या चार तालुक्यांचा संबंध शोधण्याच्या भरीस वाचकांनी पडू नये. त्यांतले सुप्रसिद्ध मंचुरियन १९७५ साली मुंबईतच, कलकत्त्यात जन्मलेल्या एका चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने, आमच्या जिभेचा अंदाज घेऊन निर्माण केले.

चीनशी आमचे नाते एके काळी मोठ्या आपुलकीचे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले, तेथील जखमींची सेवा करीत राहिले, तेथेच त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. १९४६ साली त्यांच्यावरील बोलपट काढून डॉक्टरांची भूमिकाही स्वतः केली ती आमच्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९६२ च्या ऑक्टोबरात, हिमालयात युद्ध पेटले. ते महिनाभर चालले. परंतु त्याची झळ या देशातील चिनी वंशाच्या माणसांस वर्षानुवर्षे लागली. नव्या कायद्यान्वये येथे जन्मलेल्यांसही परकी ठरविता येऊ लागले. आसाम व उत्तर बंगालच्या भागांतून सुमारे तीन हजार माणसे, म्हातारी व तान्ही मुले यांसह, आगगाडीत घालून राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. त्यांतले काही १९६७ पर्यंत तेथे होते. देवळीची ही जागा इंग्रजांच्या अमदानीत राजबंद्यांसाठी वापरली जाई. १९४१ साली जयप्रकाश नारायण तेथेच बंदीत होते. स्वतंत्र देशाने तीच जागा या गरिबांसाठी वापरावी, ही गोष्ट युद्धाची निकड ध्यानात घेऊनही आम्हांस बरी वाटत नाही. चांभारकाम किंवा सुतारकाम करून पोट भरणारा मनुष्य हेर कसा असणार? मुंबईच्या चिनी लोकांवरही नोंदणीची व प्रवासाची बंधने आली. मग ज्यांस जमले ते कॅनडास, अमेरिकेस, ऑस्ट्रेलियास निघून गेले. चार तालुक्यांच्या माणसांनी पुन्हा एकदा गाठोडे बांधले, एवढेच.

घर मात्र राहिले. ते का राहिले याचा विचार करताना अमेरिकेतील अशाच दोन घरांची हकीकत डोळ्यांपुढे येते.

सिॲटल शहरात १९१० साली एकशे सत्तर चिनी माणसांनी आपली पुंजी एकत्र करून दोन इमारती बांधल्या. त्यांतील पूर्वेकडच्या इमारतीत खाली दुकाने, वर फ्रीमन हॉटेल नावाचे उतारूघर, आणि आणखी वर कुलसंस्थांची बैठकीची जागा. अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांत हंगामी काम करणारे मजूर हिवाळ्यात तेथे येऊन राहत. पुढे ते लोक संपले, खोल्या ओस पडल्या. परंतु त्या वस्तीने इमारत विकली नाही. २००८ साली तीत विंग ल्यूक नावाचे संग्रहालय आले, आणि त्या एकेकट्या खोल्या जशाच्या तशा राखून आज नातवंडांस दाखविल्या जातात.

सान फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलाचे दैव निराळे. कर्नी रस्त्यावरची ही इमारत १९०६ च्या भूकंपानंतर, १९०७ साली उभी राहिली. चिनी वस्तीच्या कडेची ही जागा. राहणारे बहुतेक फिलिपिनो व चिनी म्हातारे, उभा जन्म शेतांत, जहाजांवर व खानावळींत राबलेले. शेजारी बँका व कचेऱ्यांचे मनोरे वाढू लागले आणि जागेस सोन्याचा भाव आला. १९६८ पासून मालकांनी त्यांस निघून जाण्याच्या नोटिसा लावल्या. म्हातारे हलेनात. कोर्टाचा हुकूम बजावण्यास नकार दिला म्हणून खुद्द तेथील शेरीफास पाच दिवस तुरुंगात बसावे लागले. अखेर ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे, हातांत हात गुंफून घराभोवती उभ्या राहिलेल्या हजारो लोकांचे कडे फोडून पोलीस आत शिरले, आणि दरवाजे फोडण्याकरिता हातात घण घेऊन तोच शेरीफ पुढे होता. पन्नासाहून अधिक म्हाताऱ्यांस रस्त्यावर काढले. १९७९ साली इमारत पाडली. आणि ज्या जागेसाठी हे सर्व केले ती जागा नंतर वीस वर्षांहून अधिक काळ उघडा खड्डा होऊन पडली. २००५ साली तेथे वृद्धांसाठी १०४ बिऱ्हाडांची नवी इमारत झाली, तेव्हा बाहेर काढलेल्यांतले फारच थोडे हयात होते.

माझगावची जागाही स्वस्त नव्हे. गोद्या व गिरण्यांच्या जमिनींवर मुंबईत काय काय उभे राहिले, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. परळ-लालबागच्या गावकीच्या खोल्याही एकेक करून गेल्या. मग खलाशी गेल्यावर, वस्ती पांगल्यावर, हे इवलेसे चिनी घर कोणी का पाडले नाही? आम्हांस त्याचे उत्तर माडीवर बसलेले दिसते. खाली फक्त खाटा असत्या आणि माडीवर देव नसता, तर शेवटचा खलाशी गेल्याबरोबर घरास धनी उरला नसता. माणसांचे बिऱ्हाड हलविता येते, देवाचे हलविण्यास मात्र कोणाचा हात धजत नाही, आणि देव असला की दिवा लावावयास कोणी तरी मागे राहावेच लागते. सिॲटलच्या घरातही वरच्या मजल्यावर कुलसंस्थेची बैठक होती, हे येथे आठवावे. एका इमारतीस मालक होते, दुसऱ्या दोहोंस घरची माणसे होती.

चिनी नवे वर्ष आमच्या पौष-माघाच्या सुमारास येते. त्या दिवशी नवाब टँक रोडवरच्या घरात लाल मेणबत्त्या व उदबत्त्या लागतात, आणि उपनगरांत विखुरलेली कुटुंबे मुलाबाळांसह जमतात. वर्ष कसे जाईल हे विचारावयाची एक रीत तेथे आहे: बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या असतात, ते गुडघे टेकून हलवावयाचे, आणि जी काडी आपोआप बाहेर पडेल तिच्या क्रमांकाचे भविष्य वाचावयाचे. आमच्याकडे देवास कौल लावतात, तसेच हे. कोणी मुलाच्या परीक्षेचे विचारतो, कोणी मुलीच्या लग्नाचे, कोणी परदेशी जाण्याच्या परवान्याचे. मग देवापुढे कागदी द्रव्य जाळून, खालच्या देवीस नमस्कार करून, मंडळी संध्याकाळच्या आत आपापल्या घरी परततात. उतरावयास आता तेथे कोणी येत नाही.